आहार सर्व्हेला निघालात? आधी वाटी बघा

दरवर्षी नवी मुलं येतात, टॅबवर पटापट फॉर्म भरतात आणि संध्याकाळी 'पंचवीस घरं झाली' म्हणून मिरवतात. चोवीस तासांत काय काय खाल्लं हे नीट विचारायला मला अजूनही एका घरी पाऊण तास लागतो.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक वाटीची. बाई म्हणाल्या 'एक वाटी आमटी', की यांनी लिहिलंच १५० मिली. सांगलीकडच्या एका घरी मी म्हटलं, "मावशी, ती वाटी जरा दाखवता?" त्यांनी मांडणीवरून जर्मनचा वाडगा काढला. पाण्याने भरून मापात ओतला, तर ३२० मिली! म्हणजे त्या घरची डाळ आम्ही निम्म्याहून कमी नोंदवली होती. तेव्हापासून मापाचं भांडं आणि छोटा वजनकाटा पिशवीत असतोच. शिजलेला भात कच्च्या तांदळाच्या ओळीत टाकणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० किलोकॅलरी असतात, भातात त्याच्या निम्म्याही नाहीत.

दुसरी चूक, पंचांग न बघता गावात जाणं. आमची एक तुकडी आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी गेली. 'काल काय खाल्लं?' घरोघरी उत्तर एकच: साबुदाणा, भगर, शेंगदाणे. कच्च्या अहवालात वाक्य आलं, 'गावात ज्वारीचा वापर घटला आहे.' दोन दिवसांचं काम पाण्यात. आता तारीख ठरवण्याआधी मी भिंतीवरचं कॅलेंडर बघते आणि आठवडी बाजार कधी हेही विचारते.

'हात साबणाने धुता का?' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. मोरीशी साबण ओला आहे का ते बघा.

शिळ्या भाताबद्दल 'झाकून ठेवता का' एवढंच विचारून उठू नका. रात्री किती वाजता शिजला आणि फोडणी किती वाजता दिली, हे विचारा. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, भात तासन् तास बाहेर राहिला की वाढतात, आणि त्यांचं उलटी आणणारं विष फोडणीने जात नाही.

तेलाचा वापर महिन्याच्या खरेदीवरून काढा, पण पाहुण्यांचा वाटा वजा करा.

मीठ मात्र तोंडी विचारून कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. ती कोण पाळतंय हे बघायचं तर चोवीस तासांची लघवी गोळा करून त्यातलं मीठ मोजावं लागतं. त्याची लाज वाटत असेल तर मिठाचा आकडा छापू नका.