स्टॅटिन चालू असताना पायातली ताकद गेली तर काय तपासावं

कोलेस्टेरॉलसाठी अॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन अशी स्टॅटिन गटातली गोळी घेणाऱ्या पुष्कळांचे पाय दुखतात. गोळीमुळेच दुखत असतील तर ती थांबवल्यावर बहुधा काही आठवड्यांत बरं वाटतं. लाखात दोन-तीन जणांत मात्र स्टॅटिन कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या ज्या एचएमजीसीआर एन्झाइमला अडवतं, त्याच्याच विरुद्ध शरीर प्रतिपिंडं तयार करतं आणि स्नायूंच्या पेशी मरू लागतात. मग गोळी बंद करूनही कमजोरी वाढत राहते. गोळी वर्षानुवर्षं सोसलेली असली तरी हे होऊ शकतं.

दुखण्यापेक्षा ताकदीकडे बघा. हात छातीशी बांधून खुर्चीतून सलग पाच वेळा उठा आणि लागलेले सेकंद तारखेसह लिहा. दर आठवड्याला तीच खुर्ची वापरा. उंची बदलली की आकड्याला अर्थ नाही. मांडी घालून बसल्यावर उठताना जमिनीला हात टेकावा लागणं, एसटीची पायरी चढताना दांडा ओढावा लागणं, केस विंचरताना हात खाली येणं, तेही दोन्ही बाजूंना, ही मांड्या-खांद्यांच्या स्नायूंची तक्रार आहे.

असं काही दिसलं तर डॉक्टरांकडून सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) तपासून घ्या. आधीचे काही दिवस जिम, जड ओझं आणि दंडातलं इंजेक्शन टाळा, नाहीतर आकडा उगाच चढतो. थायरॉईड मंद असला तरी सीपीके वाढतं, म्हणून टीएसएच ही थायरॉईडची चाचणीही हवी. प्रतिपिंडांच्या या आजारात सीपीके बहुधा हजारांत जातं.

फसगत होते ती एसजीपीटी-एसजीओटीपाशी, म्हणजे लिव्हरच्या नेहमीच्या तपासणीतल्या आकड्यांपाशी. हे दोन्ही स्नायूंतूनही रक्तात उतरतात, आणि पेशंट महिनोन्‌महिने लिव्हरचा इलाज घेत बसतो. जीजीटी हे लिव्हरचं एन्झाइम नॉर्मल असेल तर संशय स्नायूंवर घ्यावा.

गोळी थांबवूनही सीपीके उतरत नसेल तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (सांधे-स्नायूंच्या आजारांचे तज्ज्ञ) किंवा न्यूरॉलॉजिस्ट गाठा. या प्रतिपिंडांची अँटी-एचएमजीसीआर चाचणी नाव घेऊन मागा, कारण मायोसायटिसच्या (स्नायूंच्या दाहाच्या) चाचण्यांच्या नेहमीच्या पॅनेलमध्ये ती असेलच असं नाही. उपचार स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट, आयव्हीआयजी (शिरेतून दिलं जाणारं इम्युनोग्लोब्युलिन) असे असतात. निदान पक्कं झालं की कुठलंही स्टॅटिन पुन्हा नको. ‘नैसर्गिक’ म्हणून विकलं जाणारं रेड यीस्ट राइस (लाल यीस्टने आंबवलेला तांदूळ) हेही नको, त्यातही स्टॅटिनच असतं.

स्टेंट बसवलेल्यांनी गोळी परस्पर बंद करू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर मात्र पुढची गोळी न घेता थेट इमर्जन्सीत जा. स्नायू झपाट्याने फुटत असतील तर किडनीला धोका असतो.