लिनक्सचे शिबिर आणि नंतरची मदत: या चुका टाळा

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. त्यामुळे ठाणे-नवी मुंबईतल्या घराघरांत धडधाकट लॅपटॉप कपाटात जाऊन बसले आहेत. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये एखाद्या रविवारी लिनक्सचे, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मुक्त-स्रोत प्रणालीचे, शिबिर घ्यायला ही चांगली वेळ आहे. पण शिबिरात किती मशीनवर लिनक्स चढले हा आकडा फसवा असतो. त्यातली सहा महिन्यांनी किती चालू आहेत, ते खरे. वैतागून परत गेलेला माणूस पुढे कित्येक वर्षे ओळखीपाळखीत सांगत राहतो की ते काही कामाचे नाही. खालच्या बहुतेक चुका तिथेच नेऊन सोडतात.

मशीन पाहिले, माणसाचे काम विचारले नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नाव नोंदवतानाच विचारा: रोज काय उघडता, प्रिंटर कोणता, आणि या लॅपटॉपवर एखादे काम असे आहे का जे अडले तर पैसे किंवा परीक्षा बुडेल?

टॅलीवर हिशेब ठेवणारे सोसायटीचे खजिनदार, ई-टेंडर भरण्यासाठी डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन लावणारे ठेकेदार, एमएस-सीआयटीची परीक्षा तोंडावर आलेली मुलगी, या तिघांच्या मशीनवरून विंडोज पुसू नका. टॅली विंडोजवरच चालते. टोकनचे ड्रायव्हर लिनक्सवर मिळाले तरी पोर्टलची स्वाक्षरीची उपयोजने अडू शकतात. एमएस-सीआयटीचा सराव विंडोज आणि एमएस ऑफिसवरच करावा लागतो. यांना ड्युअल बूट (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) द्या किंवा सरळ सांगा, "काका, तुमच्यासाठी आत्ता नको." असा नकार हादेखील लिनक्सचा प्रचारच आहे. त्याने तुमच्या शब्दाला वजन येते.

प्रिंटरचा मॉडेल नंबर आधीच मागवा. आपल्याकडच्या दुकानांत आणि घरांत दोन जुने प्रिंटर अजून पुष्कळ दिसतात. एचपी लेझरजेट १०२० ला एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरसोबत वेगळे प्लगइन उतरवावे लागते आणि त्याची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. ते नसेल तर प्रिंटर यादीत दिसतो, पण कागद बाहेर येत नाही. कॅनन एलबीपी २९०० कॅप्ट नावाच्या पद्धतीने बोलतो. कॅननचा त्यासाठीचा लिनक्स ड्रायव्हर जुना आहे आणि नव्या डिस्ट्रोवर बसवताना दमवतो. तो आधी आपल्या मशीनवर बसवून पाहिल्याशिवाय कुणालाही शब्द देऊ नका.

डिस्ट्रोवरून, म्हणजे लिनक्सचा कोणता प्रकार घ्यायचा यावरून, वाद घालू नका. गटाने एकच निवडावी, म्हणजे नंतरची मदतही एकसारखी राहते. ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, ८ जीबीला सिनॅमन. फिरती हार्ड डिस्क असेल तर रॅम वाढवण्याआधी २४० जीबीची साटा एसएसडी सुचवा, फरक तिथे पडतो. रॅम घ्यायचीच असेल तर लॅपटॉप डीडीआर३एल मागतो की डीडीआर४, हे तपासून मगच लॅमिंग्टन रोडला जा.

बॅकअप आणि बिटलॉकर शिबिराच्या दिवसावर ढकलले

यूएसबी २ वर सेकंदाला साधारण ३० एमबी धरली तर १०० जीबी हलवायला जवळजवळ तास जातो. रांगेत दहा जण असतील तर दिवस इथेच संपला. बॅकअप घरूनच करून आणायला सांगा आणि आल्यावर त्या डिस्कवरचे चार फोटो, दोन फायली उघडून दाखवायला लावा. नुसते "घेतलाय" पुरेसे नाही.

बिटलॉकरचे, म्हणजे विंडोजच्या डिस्क-एन्क्रिप्शनच्या कुलपाचे, जास्त जपा. नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ होम असले तरी मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर डिस्कचे एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेले असू शकते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. तुम्ही बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे फक्त सही असलेली प्रणाली सुरू होऊ देणारी सोय, बदलले की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती की मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि खात्याचा पासवर्ड मुलाने पुण्याहून टाकलेला असतो! ड्युअल बूट करायचे असेल तर विंडोजच्या सेटिंगमधून एन्क्रिप्शन आदल्या रात्रीच बंद करायला सांगा. डिस्क पूर्ण उलगडायला वेळ लागतो. त्याच वेळी पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअपही बंद करून घ्या. तो चालू राहिला तर विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, आणि लिनक्समधून विंडोजचे विभाजन फक्त वाचता येते, त्यावर लिहिता येत नाही.

हॉलची वीज आणि नेट गृहीत धरले

जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या बहुतेक मेलेल्या असतात. इन्स्टॉल चालू असताना एमसीबी पडला तर अर्धवट डिस्क हाती येते. १५ चार्जर प्रत्येकी ९० वॅटचे धरले तर १३५० वॅट होतात, आणि ६ अँपिअरच्या एका सॉकेटची २३० व्होल्टवरची मर्यादा १३८० वॅट आहे. एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा खोचत जाऊ नका, हॉलच्या निदान दोन वेगळ्या सर्किटवर भार वाटा.

नेटसाठी एका लॅपटॉपवर एपीटी-कॅशर-एनजी (एकदा उतरवलेली पॅकेजे साठवून इतरांना देणारा प्रोग्राम) बसवा, बाकीची मशीन त्याच्या ३१४२ पोर्टवरून अपडेट घेतील आणि तीच पॅकेजे पंधरा वेळा उतरवावी लागणार नाहीत. पण मशीन परत देताना ती प्रॉक्सीची नोंद काढायला विसरू नका. ती राहिली तर घरी गेल्यावर एकही अपडेट येत नाही, आणि का येत नाही हे त्या घरात कुणालाच कळत नाही. आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) उतरवल्यावर त्याचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आली का हे सांगणारा आकडा, जुळवूनच पेन ड्राइव्ह तयार करा. सदोष फाइल इन्स्टॉल निम्म्यावर आल्यावरच दगा देते.

एकदा सुरू झाले म्हणजे झाले, असे धरले

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये इंटेल आरएसटी ही डिस्क हाताळण्याची पद्धत चालू आहे का पाहा. ती थेट एएचसीआय या साध्या पद्धतीवर नेली तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबते. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू होण्याची सूचना द्या, मग बायोस बदला, एकदा सेफ मोडमध्ये सुरू करा आणि ती सूचना काढा.

वायफाय दिसत नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला ते वायरचे नेटवर्क वाटते आणि लगेच चालते. मग ड्रायव्हर मॅनेजरमधून ब्रॉडकॉम किंवा रिअलटेकचा ड्रायव्हर घ्या. सिक्युअर बूट चालू असेल तर त्यानंतरच्या पहिल्या रीस्टार्टला एमओके (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली) व्यवस्थापनाचा निळा पडदा येतो. तिथे एनरोल एमओके निवडून, ड्रायव्हर बसवताना ठेवलेला पासवर्ड द्यायचा असतो. मालकाने घरी जाऊन तिथे कंटिन्यू दाबले की ड्रायव्हर चढत नाही. म्हणून प्रत्येक मशीन तुमच्यासमोर दोनदा रीस्टार्ट झाल्याशिवाय पिशवीत जाऊ देऊ नका. वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटून पुन्हा उघडणे आणि एक व्हिडिओ, एवढे मालकाच्याच हाताने तपासून घ्या.

ड्युअल बूटमध्ये विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडते, कारण लिनक्स मशीनचे घड्याळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवते आणि विंडोज त्याला स्थानिक वेळ समजते. टाइमडेटसीटीएल या आज्ञेने सेट-लोकल-आरटीसी १ केले की तक्रार मिटते.

टाइमशिफ्ट (प्रणाली बिघडली तर मागच्या स्थितीत नेणारे साधन) चालू करून द्या, पण त्याला बॅकअप म्हणू नका. तो प्रणालीच्या फायली सांभाळतो. होम फोल्डर, म्हणजे लग्नाचे फोटो आणि मुलांचे प्रकल्प, तो मुळात धरत नाही.

मराठी राहून गेली

आपल्या भागात हे अक्षम्य आहे. इनपुट मेथडमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट किंवा फोनेटिक लावून द्या आणि मालकाला स्वतःचे नाव टाइप करायला लावा. लिब्रेऑफिसच्या भाषा-सेटिंगमध्ये जटिल लिपीसाठी मराठी निवडा. सोसायटीच्या नोटिसा मंगल फॉन्टमध्ये असतात. तो मायक्रोसॉफ्टचा आहे, लिनक्ससोबत येत नाही, म्हणून ओळी सरकतात. फॉन्ट बदलाच्या तक्त्यात मंगलच्या जागी नोटो सान्स देवनागरी द्या. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली जुनी कागदपत्रे मात्र फॉन्टशिवाय कुठेच वाचता येत नाहीत. ती युनिकोडमध्ये बदलावीच लागतात, आणि हे आधीच सांगितले तर दोष लिनक्सवर येत नाही. शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी धडे दाखवा.

मदत करताना

व्हॉट्सअ‍ॅपवर "नेट चालत नाही" एवढाच निरोप आला तर लगेच उपाय फेकू नका. मिंटच्या सिस्टम इन्फर्मेशनमधली माहिती कॉपी करून मागवा, शेवटचे काय बदलले ते विचारा. आज्ञा पाठवलीत तर ती काय करते आणि उलटवायची कशी, हे त्याच निरोपात लिहा. सुडोने (म्हणजे प्रणालीचे पूर्ण अधिकार देऊन) सुरू होणारी न समजलेली ओळ कुणाला पेस्ट करायला लावणे म्हणजे त्याच्या घराची किल्ली न विचारता वापरणे. आणि "आधी वाचून या" हे उत्तर साठीच्या मावशींना देऊ नका. त्या पुन्हा विचारणार नाहीत, एवढेच होईल.

प्रचारात जास्तीचे बोलणे

"लिनक्सला व्हायरस लागत नाही" असे म्हणू नका. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत मुद्दाम घातलेले मागचे दार (चोरून आत शिरण्याची वाट) सापडले. ते सापडले कारण कोड उघडा होता आणि एका अभियंत्याला लॉगिन किंचित हळू होताना जाणवले. ही खरी गोष्ट पोकळ दाव्यापेक्षा जास्त पटते.

शाळेत किंवा पालिकेत निवेदन देताना केंद्राच्या २०१५ च्या मुक्त-स्रोत धोरणाचा दाखला जरूर द्या, पण ते केंद्रीय कार्यालयांना आणि स्वीकारणाऱ्या राज्यांनाच लागू आहे. "तुम्हाला बंधनकारक आहे" म्हणालात आणि समोरच्याने धोरण वाचलेले असेल, तर तिथेच विषय संपतो. त्याऐवजी एका संगणकावर त्यांचाच प्रिंटर आणि त्यांचाच अर्ज चालवून दाखवा.

सॉफ्टवेअर फ्रीडम डे सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो. २०२६ मध्ये तो १९ तारखेला, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर पाचव्या दिवशी येतो. तेव्हा हॉल मिळणार नाही आणि लॅपटॉप घेऊन ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत कुणी चढणार नाही, त्यामुळे शिबिर ऑक्टोबरमध्ये ठेवा. आणि त्याच दिवशी पुढच्या महिन्याच्या मदत-बैठकीची तारीख व जागा छापून प्रत्येक लॅपटॉपसोबत द्या.