नियमांच्या ओझ्याखालून बाहेर कसं यायचं आणि रोज आत्म्याने कसं चालायचं

जय ख्रिस्त. नवापूरपासून भुसावळपर्यंत कुठल्याही मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये जा, भक्ती सुटल्यावर बाहेर उभं राहिलं की तेच तेच प्रश्न कानावर येतात. रविवारी कापूस वेचला तर पाप लागतं का, लग्नात ढोल वाजला आणि पाय हलले तर चालतं का, कानातले काढलेच पाहिजेत का, शुक्रवारचा उपास चुकला तर आशीर्वाद अडतो का. विचारणारी माणसं ढोंगी नसतात हो, देवाला भिऊन चालणारी साधी माणसं असतात, म्हणूनच जीव तुटतो, कारण येशूने ज्यांना मोकळं केलं तेच रोज भीतभीत जगतायत.

तर आधी एक काम करा. बायबलातलं गलतीकरांस पत्र, म्हणजे प्रेषित पौलाने गलतीयातल्या मंडळ्यांना लिहिलेलं पत्र, एका बैठकीत वाचून काढा. 6 अध्याय, 149 वचनं, मोठ्याने वाचलं तरी अर्ध्या तासात होतं. रोज एक वचन काढून वाचायची आपल्याला सवय आहे ना, त्यात पौल किती कळकळीने आणि किती रागाने लिहितोय ते समजतच नाही. झालं असं होतं की गलतीयात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, पौलाने सुवार्ता सांगितली, लोकांनी विश्वास ठेवला, आणि मागून काही जण आले आणि म्हणाले येशू ठीक आहे पण सुंता पण करा, सण-वार पण पाळा, तेव्हाच खरे. येशूला नाही कोणीच म्हणत नव्हतं, फक्त येशूच्या पुढे एक "पण" लावला होता. दुसऱ्या अध्यायात तर येशूचा शिष्य पेत्र, पेत्रासारखा पेत्र, अंत्युखिया शहरात परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता आणि यरुशलेमहून माणसं आली तसा भिऊन बाजूला झाला, पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर विचारलं. आपल्याकडे प्रीतिभोजनाला कोण कोणाच्या पंगतीला बसतं आणि कोण हळूच उठून जातं, ते आठवून हा भाग वाचा.

मग एक वही घ्या आणि आपण जे जे "पाळतो" ते सगळं लिहा, लाजू नका, वही कोणाला दाखवायची नाहीये. लिहून झालं की एकेका ओळीसमोर विचारा, हे शास्त्रात स्पष्ट सांगितलंय का, की चांगली सवय आहे, की कोणीतरी वरून लादलंय.

स्पष्ट सांगितलेलं म्हणजे खोटं बोलू नका, व्यभिचार करू नका, आणि याकोबाच्या पत्रात 5:4, म्हणजे अध्याय 5 वचन 4 बघा, शेतात राबणाऱ्याची मजुरी अडवू नका. इथे जरा थांबा. मी अशी घरं बघितलीत जिथे रविवारी शेतात पाऊल टाकत नाहीत पण वेचणीवाल्या बायांची किलोमागची मजुरी "पुढच्या बाजाराला देतो" म्हणत दोन-दोन बाजार लांबवतात, आणि मनात खात्री की आपण शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, पाळला. येशू मत्तय 23:23 मध्ये हेच बोलला, पुदिना, शेप, जिरं याचा दशांश, म्हणजे दहावा भाग, मोजून देता आणि न्याय, दया, विश्वास सोडून देता. दशांश देऊ नका असं तो म्हणाला नाही बरं का, ते करायचंच होतं पण हे सोडायचं नव्हतं असं म्हणाला.

चांगल्या सवयी म्हणजे उपास, घरातली संध्याकाळची प्रार्थना, रविवारची भक्ती. या सोडू नका. उपास करा, तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, कोणाला सांगू नका, मत्तय 6 मध्ये तसंच आहे. फक्त देवाच्या दारात त्याची पावती दाखवायला जाऊ नका, आणि पोरगं तापाने फणफणलंय म्हणून उपास मोडला तर त्या रात्री देव तोंड फिरवून बसलाय असं समजू नका. मोहाची दारू सोडली तेही असंच. सातपुड्यातल्या पाड्यांवर दारूने घरंच्या घरं बसलीत, सोडली ते फार चांगलं झालं, बायकापोरं जेवायला लागली, पण तारण, म्हणजे पापातून सुटका, दारू सोडल्याने मिळालं नाही, येशूने दिलं म्हणून दारू सुटायला बळ आलं. हा क्रम उलटा झाला की माणूस एकदा घसरला तर लाजेने मंडळीतच येत नाही.

आणि लादलेलं. यात बांगड्या-कानातल्यांचं सगळ्यात जास्त दुखतं. लादणारे 1 पेत्र 3 आणि 1 तीमथ्य 2 दाखवतात, पण तिथे सोनं-मोत्यांच्या आणि महागड्या कपड्यांच्या थाटाबद्दल चाललंय, गरीब बाईच्या काचेच्या बांगड्यांबद्दल नाही. नवरा जिवंत असलेल्या बाईला हात उघडे करायला लावलं तर गाव तिच्याकडे कसं बघतं हे ज्या भावांना समजत नसेल त्यांनी आधी आपल्या घरातल्या बायांना विचारावं.

एखादी ओळ कुठे लिहायची समजत नसेल तर स्वतःला विचारा, हे चुकलं तर मी कोणाला घाबरतो? "काय भो, काल भक्तीला नव्हता?" असं कोणी विचारेल याला, की खरंच बापाचं मन दुखेल याला? रोमकरांस 8:15 म्हणतं आपल्याला भीतीत ठेवणारा गुलामीचा आत्मा मिळालेला नाही, दत्तक लेकराचा मिळालाय, ज्यामुळे आपण अब्बा, बापा म्हणतो.

आता रोजचं आत्म्याने चालणं, म्हणजे देवाचा पवित्र आत्मा चालवेल तसं जगणं. सकाळी मोबाईल हातात घ्यायच्या आधी एवढंच म्हणा, बापा, आज मला चालव. मग दिवसात जिथे राग येतो, पैशाचा विषय निघतो, भाऊबंदकीत बांधाचं भांडण होतं, तिथे क्षणभर थांबून विचारा की इथे प्रेम काय करेल. मनात आलं ते सगळं आत्म्याचं नसतं, "मला आत्म्याने सांगितलं" म्हणून लोक उधारी पण बुडवतात, म्हणून ते वचनाशी जुळतं का बघा आणि दोन जाणत्या माणसांना विचारा. गलतीकरांस 5 मधली देहाच्या कर्मांची यादी नीट वाचा, दारूबाजी आणि जारकर्म सगळ्यांना पाठ आहे, पण मधोमध वैर, कलह, मत्सर, राग, तट, फूट आहेत, आणि मंडळीच्या कमिटीच्या निवडणुकीत आपण हेच करतो. नियमाने दाबून आणलेला चांगुलपणा पावडर टाकून पिकवलेल्या केळीसारखा असतो, बाहेरून पिवळी जर्द, सोलली की आत कच्ची. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता यांना वेळ लागतो, तो देवाला द्या, आणि बायकोला नाहीतर नवऱ्याला अधूनमधून विचारा, मी पूर्वीपेक्षा बरा झालोय का, उत्तर तिथे खरं मिळतं.

मोकळीक मिळाली म्हणून ज्याला ढोलाचा त्रास होतो त्याच्यासमोर मुद्दाम नाचू नका. रोमकरांस 14:3 दोघांनाही बोलतं, खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. पंच किंवा पास्टर बोलले तर भर सभेत वाद घालू नका, त्यांच्या घरी जा, चहा घ्या, शास्त्र उघडून विचारा की दादा, हे कुठे आहे ते मला समजून सांगा. काही जण चिडतील. काही जणांनी स्वतःच कधी तपासलेलं नसतं, ते पण तुमच्याबरोबर वाचायला बसतील.

आणि तुम्ही स्वतः पुढारी असाल तर प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा 15 वा अध्याय वाचा. साधारण इ.स. 49 च्या सुमाराला यरुशलेमात प्रेषित आणि वडील बसले, मोठी चर्चा झाली, आणि परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना सुंतेचं ओझं न लादता चारच गोष्टींचं छोटं पत्र पाठवलं. 31 व्या वचनात आहे की ते वाचून लोकांना आनंद झाला. तेव्हा नवीन घरात पहिल्यांदा प्रार्थनेला जाल तेव्हा बंदीची यादी काढू नका, लूक 15 मधला घरी परत आलेला मुलगा वाचा, घरची माय काय विचारते ते ऐका, आणि तिने विचारलं त्याचंच उत्तर द्या, बाकीचं पुढच्या भेटीत बघता येईल.