फॅन फिरत नाही म्हणून लगेच मोटर बदलू नका

हायवेला तापमानाचा काटा मधोमध आणि सिग्नलच्या गर्दीत वर चढतो, अशी गाडी आली की संशय आधी रेडिएटरच्या फॅनवर. तरी पहिल्यांदा इंजिन थंड असताना कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी, बघायचं. पातळी खाली गेली की सेन्सर वाफेत राहतो, तापमान चुकीचं सांगतो आणि धडधाकट फॅनही लागत नाही.

मग इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत त्यासोबत फॅन लागतो. एसीवर लागतो पण इंजिन १०० अंशांच्या पुढे गेलं तरी एरवी लागत नाही, तर मोटर बरी आहे; सेन्सर आणि त्याची वायर तपासा.

एसीवरही गप्प असेल तर फॅनचा कनेक्टर काढून मोटरला बॅटरीवरून डायरेक्ट करंट द्या. वायर जाड हवी, मध्ये फ्यूज हवा, हात पात्यांपासून लांब. फिरली तर दोष मागे वायरिंगमध्ये. हलकं ठोकल्यावरच फिरत असेल तर मोटरच्या आत करंट पोचवणारे कार्बन (ब्रश) झिजलेत. ती मोटर आज चालली तरी उद्या दगा देणार.

पुढे फ्यूज आणि रिले, म्हणजे छोट्या करंटवर फॅनचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. रिलेच्या सॉकेटमध्ये ३० नंबरच्या पिनेला कायम १२ व्होल्ट हवेत. ८७ मधून करंट फॅनकडे जातो, ८५-८६ ही रिले चालू करणारी कॉइल. रिले काढून ३० आणि ८७ फ्यूजवाल्या वायरने जोडा. फॅन लागला तर रिले गेलाय किंवा त्याला हुकूम मिळत नाही.

नाही लागला, की शिकाऊ पोरं हमखास इथे फसतात. सुट्या कनेक्टरवर मीटर १२ व्होल्ट दाखवतं आणि ते सप्लाय ठीक म्हणून मोकळे होतात. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही; मोटरला १०-२० अँपियर लागतात. आत हिरवट गंज चढून वायरीची एकच तार उरली असली तरी मीटरला १२ दिसणारच. म्हणून कनेक्टर जोडलेला ठेवून, मागून पिन घालून, लोडवर, म्हणजे ३०-८७ जोडलेलेच ठेवून, मोजा. बॅटरीची मायनस आणि मोटरची अर्थ (मायनसची) पिन यांत ०.२ व्होल्टच्या आत फरक हवा. अर्थ पूर्ण तुटलेला असेल तर तिथे चक्क १२ दिसतील.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय म्हणून मोठा घालणं म्हणजे वायरिंग जाळायची तयारी. बॅटरीची मायनस काढून फॅन हाताने फिरवा. जड लागला तर मोटर जास्त करंट ओढतेय. कनेक्टरचं प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर मोटरसोबत तोही बदला, नाहीतर त्याच सैल पिनांवर नवी मोटर तापेल.

नवी मोटर बसवल्यावर रेडिएटरच्या पुढच्या बाजूला, ग्रिलकडून, कागद धरा. आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे. बाहेर उडत असेल तर प्लस-मायनस उलटे जोडलेत.