पीच क्रिस्प: ओट्सचा थर वर सोनेरी, खाली लगदा? हे करून बघा

पीच क्रिस्प म्हणजे पीचच्या फोडींवर ओट्सचा कुरकुरीत थर देऊन ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ. तो बिघडल्याचं लक्षण असं: वरून रंग मस्त, पण चमचा घातला की ओट्सखाली ओला लगदा आणि तळाशी पाणी. कॉर्नफ्लॉवर वाढवलं, तर चव पिठूळ झाली. जास्त वेळ भाजलं, तर ओट्स करपले, पाणी तसंच. जाम वैताग आला होता.

इथे न्यू जर्सीत ऑगस्टमधले पीच इतके रसाळ असतात, की रस आधीच काढावा लागतो.

किलोभर पीचच्या फोडींना 100 ग्रॅम साखर आणि थोडं लिंबू लावून अर्धा तास ठेवा. चाळणीत निथळा. खालचा रस आटवून निम्मा करा, पूर्ण गार करा, मग त्यात 2 मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर कालवून फोडींवर ओता. (वेलदोडा घालाच, दालचिनीपेक्षा मला तोच आवडतो.)

फळं एकटीच 190 अंश सेल्सिअसला 15 मिनिटं भाजा. तोवर 100 ग्रॅम रोल्ड ओट्स, 90 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम ब्राउन शुगर आणि चिमूटभर मीठ यात 115 ग्रॅम थंडगार बटर बोटांनी चुरा. वाटाण्याएवढे गोळे राहायला हवेत. इन्स्टंट ओट्स नकोत, त्यांचा चिखल होतो. मिश्रण फळांवर भुरभुरा, दाबू नका. वर फॉइलही नको, वाफ कोंडते.

आणखी 30-35 मिनिटं. कडेचे बुडबुडे फसवतात. मधोमध रस खदखदायला हवा, कारण उकळल्याशिवाय कॉर्नफ्लॉवर धरत नाही. बाहेर काढल्यावर तासभर हात लावू नका, रस निवतानाच दाट होतो.