पॅनेलमध्ये फायरवॉल जोडायची तर आधी काय शिकावं

होस्टिंगच्या कामात नव्याने आलेले लोक 'फायरवॉल बसवली' म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा पॅनेलच्या (सर्व्हर सांभाळायच्या वेब पानाच्या) मेनूत तिचं पान दिसायला लागलेलं असतं, एवढंच. सीएसएफ (कॉन्फिगसर्व्हर सिक्युरिटी अँड फायरवॉल) या लिनक्स सर्व्हरवरच्या फायरवॉलचा इन्स्टॉलर सीपॅनेल किंवा डायरेक्टअ‍ॅडमिन ओळखून ते पान स्वतःच लावतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं. पॅनेलच्या कोणत्या सेवा कोणत्या पोर्टवर चालतात आणि लॉगिन फसलं की त्याची नोंद कुठे होते, हे फायरवॉलला नीट कळायला हवं.

आधी सर्व्हरवर चालू असलेल्या पोर्टची यादी काढा. सीपॅनेल २०८३, डब्ल्यूएचएम (सीपॅनेलचा सर्व्हर-प्रशासकासाठीचा भाग) २०८७, वेबमेल २०९६, डायरेक्टअ‍ॅडमिन २२२२ हे पाठ होतात. राहतं ते पॅसिव्ह एफटीपी, ज्यात डेटासाठी सर्व्हर दरवेळी वेगळं पोर्ट देतो. साध्या एफटीपीत कर्नल संभाषण वाचून डेटाचं पोर्ट ओळखू शकतं, पण टीएलएस (एन्क्रिप्शन) लावलं की त्याला काहीच वाचता येत नाही. मग लॉगिन होतं, फोल्डरची यादी मात्र येत नाही. म्हणून एफटीपी सर्व्हरला दिलेली रेंज जशीच्या तशी फायरवॉलमध्ये उघडा. आयपीव्ही६ची यादी वेगळी असते, तीही भरा. फायरवॉलडी ही लिनक्सवरची दुसरी फायरवॉल चालू असेल तर बंद करा. एकाच आयपीटेबल्सवर (कर्नलच्या फायरवॉल नियमांवर) दोघांनी नियम लिहिले की गोंधळ ठरलेला.

सीएसएफ सुरुवातीला टेस्टिंग मोडमध्ये असते आणि दर पाच मिनिटांनी नियम पुसून टाकते. ही सोय फार मोलाची आहे, ती बंद करायची घाई करू नका. तपासताना एसएसएचचं नवं सेशन उघडा. जुनं सेशन चालू राहिलं म्हणजे पोर्ट उघडं आहे, असं होत नाही.

सपोर्टमध्ये सर्वाधिक येणारी तक्रार म्हणजे 'साइट फक्त आमच्याच ऑफिसातून उघडत नाही'. त्या आयपीवर 'सीएसएफ -जी' (csf -g) ही नियम शोधायची कमांड चालवा. ब्लॉकच्या नोंदीत कारण लिहिलेलं असतं, समजा आयमॅपचं (मेल वाचायच्या सेवेचं) लॉगिन वारंवार फसलं. म्हणजे कुणाच्या तरी फोनमध्ये मेलचा जुना पासवर्ड राहिलाय आणि तो दर थोड्या वेळाने प्रयत्न करतोय. नुसता ब्लॉक काढला तर थोड्याच वेळात पुन्हा फोन येणार. आणि आयपी कायमचा अलाऊ लिस्टमध्ये टाकणं हा उपाय मला अजिबात पटत नाही. तो फोन शोधायला लावा.

पॅनेलसाठी स्वतः पान लिहायची वेळ आली, तर सगळ्यात जास्त काळजी इथे घ्या. नियम बदलायला रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) लागतं, पण वेब पान रूटवर चालवू नका. मधे एक छोटा हेल्पर ठेवा, त्याला ब्लॉक, अनब्लॉक, शोध एवढंच करता यावं. फॉर्ममधून आलेला आयपी लायब्ररीने तपासा आणि शेलच्या ओळीत जोडण्याऐवजी वेगळा आर्ग्युमेंट म्हणून द्या. प्रत्येक फॉर्मला सीएसआरएफ टोकन (विनंती आपल्याच पानावरून आली हे पटवणारा कोड) हवंच. कुणी काय बदललं याची नोंदही ठेवा.

आणखी एक. सीएसएफ बनवणारी कंपनी ऑगस्ट २०२५ अखेर बंद झाली आणि कोड जीपीएलव्ही३ परवान्याखाली खुला झाला. जुन्या इन्स्टॉलेशनचे अपडेट मूळ जागेवरून आता येत नाहीत. कोणी तरी सांभाळत असलेला फोर्क (त्याच कोडवरून पुढे चालवलेली आवृत्ती) निवडा आणि अपडेटचा पत्ता तिकडे वळवा.

पॅनेल अपडेट झालं की लॉगच्या ओळीची रचना कधीकधी बदलते. मग एलएफडीचा (सीएसएफसोबतचा, लॉगमधून फसलेली लॉगिन शोधणारा प्रोग्राम) रेजेक्स, म्हणजे ओळ ओळखायचा नमुना, जुळत नाही, एररही येत नाही आणि ब्लॉकिंग गुपचूप थांबतं. त्यामुळे प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर वेगळ्या आयपीवरून मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाका आणि ब्लॉक पडतोय का ते पाहा. पॅनेल, मेल, एफटीपी, एसएसएच, प्रत्येकासाठी स्वतंत्रपणे.