धुऱ्यावरच्या निंबाकडं पाह्य

मृग लागला की वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात तिफणी निघतात. मी चौदा वर्षांचा असताना बाबांनी पहिल्यांदा तिफण माझ्या हाती दिली. माझं सगळं लक्ष बैलांच्या खुरांकडे. अर्ध्या वावरात जाईस्तोवर काकरं नागमोडी झाली. बाबा मागून ओरडले, "खुराकडं काय पाह्यतं बे? धुऱ्यावरच्या निंबाकडं पाह्य. बैलं आपोआप सरळ चालते."

पुढे हैदराबादजवळ दुंडीगलच्या वायुसेना अकादमीत एचपीटी-३२ हे छोटं विमान उतरवायला शिकत होतो. जमीन वीसेक फुटांवर आली की माझी नजर नाकासमोरच्या डांबराकडे जायची. जमीन अंगावर धावून आल्यासारखी वाटायची आणि मी स्टिक, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणारी दांडी, झटक्यानं मागे ओढायचो. विमान उचललं जायचं, वेग मरायचा आणि मग दाणकन आपटायचं. इन्स्ट्रक्टर सरांनी सांगितलं, धावपट्टीच्या पार शेवटच्या टोकाकडे बघ. त्या क्षणी मला आमचा निंब दिसला. त्या दिवसापासून हात शांत झाला.

गावातली मुलं संध्याकाळी येऊन बसतात आणि विचारतात, लँडिंग म्हणजे नेमकं काय असतं? मी त्यांना काचेतला ठिपका समजावतो. विमान खाली येत असताना धावपट्टीवरची एक जागा समोरच्या काचेत वर सरकत नाही आणि खालीही सरकत नाही. बाकी सगळं तिच्यापासून दूर पसरत जातं. विमान तिथंच पोचणार असतं. उतरायची जागा काचेत वर सरकू लागली तर आपण अलीकडेच पडणार, खाली सरकली तर पलीकडे जाणार. एवढं डोळ्याला कळायला मला पंधराएक तासांचं उड्डाण लागलं. मग एका सकाळी सर छत सरकवून खाली उतरले. शेजारच्या रिकाम्या सीटचे पट्टे त्यांनी स्वतः आवळून बांधले, म्हणजे सैल पट्टा स्टिकमध्ये अडकायला नको. मला म्हणाले, एक सर्किट मारून ये, म्हणजे एकट्यानं धावपट्टीभोवती फेरी मारून परत उतर. सरांचं वजन आत नसल्यानं विमान नेहमीपेक्षा लवकर जमीन सोडून वर गेलं. डाउनविंडवरचे, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट जाण्याच्या टप्प्यावरचे, सगळे चेक मी मोठ्यानं म्हणत होतो, ऐकायला कोणी नव्हतं तरी. चाकं टेकली तेव्हा फक्त एक बारीक चर्र आवाज आला. तो आवाज आजही कानात आहे.

पण शिकवलं ते दुसऱ्याच एका लँडिंगनं. पुढच्याच महिन्यात, आडवा वारा होता. चाकं टेकली, विमान उसळलं. मी नाक खाली दाबलं, ते आणखी उंच उसळलं. तिसऱ्यांदा आपटण्याआधी सरांनी कंट्रोल घेतला, पूर्ण पॉवर दिली आणि आम्ही वर गेलो. आम्ही याला ओव्हरशूट म्हणतो, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं. खाली आल्यावर त्यांनी एकच विचारलं, बिघडलंय हे तुला कधी कळलं? मी म्हणालो, पहिल्याच उसळीला. मग वर का नाही गेलास? मी खरं ते सांगितलं. टॉवरवरून सगळे बघत होते, लाज वाटली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी सांगितलेलं मी पुढे माझ्या प्रत्येक को-पायलटला सांगितलं. ओव्हरशूट करणाऱ्याला कोणी नाव ठेवत नाही आणि ठेवलं तरी ते ऐकायला तो जिवंत असतो.

आपल्याकडच्या उन्हाचंही सांगतो, कारण मुलांना ते लवकर पटतं. नागपूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून हजारएक फुटांवर आहे. पण मे महिन्यात पारा ४५ वर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला ती धावपट्टी पाच हजार फुटांच्या आसपास असल्यासारखी वाटते. इंजिन कमी ताकद देतं, पंख कमी उचलतात, धाव लांबते. अकरावीच्या भौतिकशास्त्रातलं घनतेचं प्रकरण हेच. ते पाठ करू नका, समजून घ्या.

आता वाटेबद्दल. अकरावीला गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र सोडू नका. वायुसेनेसाठी एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, परीक्षेला बारावीत हे तिन्ही लागतातच. परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. लेखी ९०० गुणांची आणि तितक्याच ९०० गुणांची मुलाखत, म्हणजे एसएसबी या सैन्यदलांच्या निवड मंडळाचे पाच दिवस. २०२२ पासून मुलीही एनडीएत जातात. दहावीनंतर तयारीसाठी राज्य शासनाची संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे, मुलींसाठी नाशिकला आहे. चंद्रपूरला सैनिक शाळाही आहे. लाखभर फी घेणाऱ्या क्लासच्या आधी हे दरवाजे ठोठावा. एनडीएतल्या प्रशिक्षणाचा खर्च सरकार करतं, हे तुमच्या बाबांना आधी सांगा. कापसाच्या भावावर चालणाऱ्या घरात पहिला प्रश्न तोच असतो.

डोळे आजच तपासून घ्या. रंग ओळखण्यात दोष असेल तर वायुसेनेत पायलट होता येत नाही, आणि तो दोष अनेकांना अठराव्या वर्षापर्यंत माहीतही नसतो. उंचीबरोबर पायांची लांबीही मोजतात. पायलटची अभियोग्यता चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. आमच्या वेळी तिला पीएबीटी म्हणायचे, आता संगणकावरची सीपीएसएस असते. तिथे रट्टा चालत नाही. आदल्या रात्री पूर्ण झोप घेऊन जा. आणि इंग्रजीला घाबरू नका. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला. मुलाखतीत मला कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल विचारलं तेव्हा मी तुटक इंग्रजीत, पण वावरात पाहिलेलं सांगितलं.

माझी नोकरी एएन-३२ या मालवाहू विमानावर गेली. चंदीगडहून लेह. लेहची धावपट्टी साडेदहा हजार फुटांच्या वर. तिथे वेगाचं घड्याळ २०० दाखवतं तेव्हा विमान खरं २३५ च्या आसपास धावत असतं. डोळ्याला वाटतं आपण फार जोरात आहोत, हात पॉवर काढायला जातो, आणि तिथेच घात होतो. डोळ्यापेक्षा घड्याळावर विश्वास ठेवायचा. सिंधूच्या खोऱ्यातून येताना स्पितुकच्या गोंपाची, म्हणजे बौद्ध मठाची, टेकडी जवळून जाते आणि पलीकडे डोंगर चढत जातात. परत फिरायचं की उतरायचं हे म्हणूनच फार आधी ठरवावं लागतं. दुपारी वारा उठतो, त्यामुळे उड्डाणं सकाळचीच.

एका हिवाळ्यात आम्ही भाजी, औषधं आणि टपालाच्या थैल्या घेऊन निघालो. खोऱ्याच्या तोंडाशी ढग खाली उतरत होते. एक फट दिसत होती. को-पायलट माझ्याकडे बघत होता. मागे कित्येक दिवसांची पत्रं होती, पुढे ती वाट बघणारे जवान होते, आणि मला फट आवडली नाही. मी विमान वळवलं. चंदीगडला परतेपर्यंत कॉकपिटमध्ये कोणी बोललं नाही. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आकाश काचेसारखं होतं. उतरलो, मागचा रॅम्प खाली आला, थंडी आत घुसली. टपालाची पहिली थैली उचलायला जो जवान आला त्यानं नमस्कार केला आणि मराठीत विचारलं, "साहेब, अमरावतीकडचं काही हाये का यात?" थैलीचं तोंड सील केलेलं होतं. मी म्हणालो, "उघडल्यावर तूच पाह्य."